दुःखाला दहापैकी किती

सोमवार, ८ जानेवारी. सकाळी ९ वाजून १० मिनिटं.

वेळ मुद्दाम लिहून ठेवते, उद्या कुणी नाकारायला नको. आज सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी, माझ्या डोळ्यांदेखत, माझं टेबल वर्गाबाहेर नेण्यात आलं. दोन शिपायांनी उचललं. टेबलावर माझी पर्स, चष्म्याचं घर आणि माझं कोपर होतं. कोपर मी शेवटच्या क्षणी काढून घेतलं.

हुकूम कोऑर्डिनेटरचा. वयाने माझ्या धाकट्या सुनेएवढी, चेहऱ्यावर बारा महिने हसू. मी तिचं नाव हसरी ठेवलं आहे. हसरी म्हणाली की मॅडम, अ‍ॅडव्हायझरीच्या तासाला टेबल नसतं, टेबल म्हणजे मुलांच्या आणि आपल्या मधली भिंत. मी म्हणाले, ती भिंत होती म्हणूनच मी इतकी वर्षं शिकवून शाबूत राहिले. त्यावरही हसली.

हा अ‍ॅडव्हायझरी नावाचा प्रकार मी रिटायर झाल्यावर शाळेत शिरला. माझ्या हयातीत शिरायची हिंमत झाली नसती. सहावी ते आठवीच्या मुलांचे बारा-बारा जणांचे गट करायचे. प्रत्येक गटाला एक शिक्षक. रोज पहिल्या तासाला गोल करून बसायचं आणि बोलायचं. कशावर? कशावरही. पुस्तक नाही, परीक्षा नाही, मार्क नाहीत. प्रत्येक मुलाला शाळेत निदान एक तरी मोठं माणूस असं असावं की ज्याच्याकडे त्याला जाता येईल, असा त्यामागचा थोर विचार आहे म्हणे. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये जाण्यासारखी एकच जागा होती. कोपरा.

सातवीच्या एका गटाची बाई बाळंतपणाच्या रजेवर गेली, म्हणून मला बोलावलं. खुद्द मुख्याध्यापकांचा फोन आला. हा माझाच विद्यार्थी. मी त्याला रोज बाकावर उभा करायची, म्हणून तर आज खुर्चीत बसला आहे. म्हणाला, मिस, टर्मचे उरलेले सहा आठवडे सांभाळा, दुसरं कुणीच मिळत नाही. शेवटचं वाक्य संकोचापोटी घातलं असावं.

निश्चय: मुख्याध्यापकांना लेखी तक्रार. टेबल परत हवं. लेखी उत्तर बुधवारपर्यंत.

मंगळवार, ९ जानेवारी

किळस. दुसरा शब्द नाही.

गोल बसायचं म्हणजे बारा मुलांचे गुडघे आपल्या गुडघ्यांसमोर. त्या वयाच्या मुलांचे मोजे! साबणाशी त्यांचं काही वैर आहे का? त्यात एक स्पंजचा चेंडू. ज्याच्या हातात चेंडू, त्याने बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. तो चेंडू बारा घामट हातांतून फिरून माझ्यापर्यंत आला तेव्हा दमट होता. मी तो रुमालात धरला. हसरी दारातून बघत होती. खुणेने म्हणाली, छान चाललंय.

भिंतीवर चेहऱ्यांचा तक्ता. हसरा, रडका, रागावलेला, घाबरलेला. मुलांनी आल्याआल्या आपल्या मूडच्या चेहऱ्यावर बोट ठेवायचं. रडक्या चेहऱ्यावर वाळलेलं च्युइंगगम आहे. मी कुठल्याच चेहऱ्यावर बोट ठेवलं नाही. माझा चेहरा तिथे नाही.

मुलांची ओळख. एकजण प्रत्येक गोष्टीवर वाद घालतो: वकील. एकजण तोंड उघडं ठेवून बसतो, पडजीभ रोज दिसते: जांभई. एक मुलगी चेंडू हातात आला की बघते आणि पुढे देते, शब्द नाही: मुकी. बाकीचे नऊ सारखेच दिसतात.

तक्रारीला उत्तर नाही. पत्राची पक्की प्रत अजून व्हायची आहे, हे खरं. पण माणसाला आपणहून कळायला नको का?

बुधवार, १० जानेवारी

महत्त्वाची बातमी. टर्मच्या शेवटी सगळ्या गटांची मुलं हॉलमध्ये जमतात. शिक्षक आपापल्या जागी उभे राहतात आणि मुलं पुढच्या टर्मसाठी आपल्याला हव्या त्या शिक्षकाजवळ जाऊन उभी राहतात. ज्याच्याकडे मुलं, त्याचा गट. हसरी म्हणाली, मॅडम, तुम्ही मनावर घेऊ नका हं, तुम्ही तर बदली शिक्षिका आहात. मी मनावर घेतलं.

माझ्या बारा मुलांचा प्रश्नच नाही. बाहेरच्या गटांतली किती येतील एवढाच हिशेब. मुलांना शिस्त हवी असते, फक्त मागायला लाजतात. माझ्यापुढे रांग लागली की मुख्याध्यापकांना हा सगळा कार्यक्रमच माझ्या हाती द्यावा लागेल. हसरीला मी ठेवून घेईन. हजेरी घ्यायला.

ह्यांना सांगितलं. हे शब्दकोड्यातून मान वर न करता म्हणाले, आडवा शब्द, पाच अक्षरी, स्वतःबद्दल गैरसमज. मी म्हणाले, कोडं तुमचं तुम्ही सोडवा.

शुक्रवार, १२ जानेवारी

पद्धत सापडली. मार्क नाहीत म्हणून मुलं बोलत नाहीत, इतकं साधं आहे. सोमवारी दुःख, मंगळवारी राग, बुधवारी भीती, गुरुवारी महत्त्वाकांक्षा, शुक्रवारी उजळणी. प्रत्येक बोलण्याला दहापैकी मार्क. मांडणीला तीन, आवाजाला दोन, ताठ बसण्याला दोन, आशयाला तीन.

हे म्हणाले, आनंदाला वार नाही का ठेवलास? मी म्हणाले, रविवारी शाळा बंद असते.

सोमवार, १५ जानेवारी

यश! पहिल्याच दिवशी अकरा हात वर. चेंडूसाठी ओढाओढ झाली, चेंडू फाटला. वकिलाने आजोबांचं आजारपण मांडलं: मुद्देसूद, खणखणीत आवाज, डोळ्यांत पाणी. आठ. जांभईने पाण्याची बाटली हरवल्याचं दुःख सांगितलं आणि मधे दोनदा जांभई दिली. तीन. मुकीने चेंडू पुढे दिला. शून्य. तिने मान डोलावली, जणू मी तिचा हिशेब बरोबर केला.

हसरी म्हणाली की मॅडम, इथे मार्क नाही देत आपण, मुलांनी मोकळं व्हावं म्हणून हा तास आहे. मी विचारलं, तुमच्या गटात आज किती जण मोकळे झाले? चार. माझ्याकडे अकरा. ती हसली, पण वरचे दातच दिसले.

गुरुवार, १८ जानेवारी

पहिला तास संपला की तुम्ही घरी जाऊ शकता, असं हसरी रोज सुचवते. मी जात नाही. नोटीसबोर्ड कोण तपासणार? आज एकाच नोटिशीत सात चुका सापडल्या, लाल पेन्सिलने दुरुस्त केल्या, खाली सही केली.

शाळा सुटल्यावर हे मला घ्यायला येतात, म्हणजे उशिरा येतात. तोवर मी कॉरिडॉरमधल्या बाकावर बसते. आज बाकाच्या दुसऱ्या टोकाला मुकी येऊन बसली. घरी नाही का जायचं, असं विचारणार होते, पण उगाच कोण बोलणार. मी माझ्या पेन्सिली काढल्या, ती त्या बघत राहिली. हे आले, मी उठले. ती बसलेलीच.

सोमवार, २२ जानेवारी

आजची मुलं किती भोगताहेत, कल्पना नव्हती. वकिलाचे आजोबा अत्यवस्थ. एकीच्या आजीला कमी दिसू लागलं होतं, ती आता पूर्ण आंधळी. एकाचं घर जळलं. एकाच्या काकांना वाघाने ओढलं, तेही पार्किंगमध्ये. जांभईनेही प्रगती केली, त्याची बाटली आता विहिरीत पडली आहे. सगळे सातच्या वर.

मुख्याध्यापकांना अहवाल: इतर सगळ्या गटांत मिळून जेवढी दुःखं नाहीत तेवढी एकट्या माझ्या गटात उघडकीस आली आहेत. बाकीच्या शिक्षकांना मुलं काही सांगतच नाहीत, हेच यातून सिद्ध होतं. अहवालाची पक्की प्रत करायची आहे.

मुकी: शून्य. दुपारी बाकावर पुन्हा आली. न विचारता माझ्या पेन्सिलींना टोक काढून दिलं. टोकं बरी निघाली. मी तसं बोलून दाखवलं नाही, मुलं शेफारतात.

सोमवार, २९ जानेवारी

वकिलाचे आजोबा गेले. साडेनऊ. अर्धा मार्क नाक खाजवल्याबद्दल कापला. सगळा गट डोळे पुसत होता. वाघवाला तर मला म्हणाला, मिस, आज मला सहाच द्या, आज त्याचा दिवस आहे. माझ्या हाताखाली मुलं कशी घडताहेत पाहा.

उद्या ह्यांना घेऊन वकिलाच्या घरी भेटायला जाणार. हसरीने आजवर एका तरी घरी पाय ठेवला आहे का?

मंगळवार, ३० जानेवारी

लिहायची इच्छा नाही, पण वस्तुस्थिती नोंदवली पाहिजे.

बेल वाजवली. दार एका म्हाताऱ्या गृहस्थांनी उघडलं. हातात कात्री, मागे कुंड्या. मी म्हणाले, फार वाईट झालं, वकिलाचे, म्हणजे तुमच्या घरातल्या मुलाचे आजोबा गेल्याचं कळलं. ते म्हणाले, कधी? मी म्हणाले, काल. ते म्हणाले, काल तर मी झाडांना पाणी घालत होतो.

हे जिन्यात जाऊन उभे राहिले. जिन्याचा कठडा हलत होता, इतके हसत होते. चाळीस वर्षं संसार केलेल्या माणसाने असं करावं!

आजोबांनी आत बोलावलं, चहा केला. सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, बाई, मला किती मिळाले? मी म्हणाले, साडेनऊ. त्यांनी चष्मा काढला. अर्धा कुठे गेला? मी सांगितलं. ते म्हणाले, नाक खाजवायची सवय त्याला माझ्याकडूनच आलीय, तेवढा अर्धा द्या परत, शेवटी मेलो मी आहे.

चहात साखर फार होती.

बुधवार, ३१ जानेवारी

वकिलाला उभा केला. तो शांतपणे म्हणाला की मिस, तुमच्या मार्कांत मांडणी होती, आवाज होता, पाठ होती, आशय होता, पण खरं असण्याला मार्कच नव्हते. मी मार्कांचा तक्ता पाहिला. खरोखरच नव्हते. छापताना राहून गेलं असणार. म्हणजे मीच हाताने लिहिलं होतं, पण राहिलं.

मग बाकीचे पटापट कबूल होत गेले. आजीला दिसतं. घर जागेवर आहे. काका वाघाशिवाय बरे आहेत. बाटलीही सापडली, दप्तरातच होती. मी इतका वेळ ज्यांच्यासाठी हळहळले ते सगळे ठणठणीत! अशा धडधाकट कुटुंबांची मला शिसारी आली.

निश्चय: आजपासून सत्यतेला चार मार्क. आशयाचे तीन आणि आवाजातला एक काढून त्यात घातले.

शुक्रवार, २ फेब्रुवारी

अकरा मुलं एकामागून एक म्हणाली: आज काही नाही, मिस. आज काही नाही. चेंडू जसा आला तसा गेला. फाटला होता, त्यातून स्पंजचे तुकडे माझ्या मांडीवर पडत होते. मला तर कुणाच्या तरी कानातला मळ पडतोय असंच वाटत होतं.

मग मुकीपाशी चेंडू थांबला. तिने तो धरून ठेवला. इतका वेळ, की जांभईसुद्धा तोंड मिटून बघायला लागला. मग ती म्हणाली, मला दुपारी घरी जायला आवडत नाही.

एवढंच. कारण नाही, उदाहरण नाही, शेवट नाही. सत्यतेचे काय द्यायचे, तपासणार कसं? दहापैकी दोन दिले आणि सांगितलं की सोमवारी तीन मुद्द्यांत विस्तार करून आण. तिने मान डोलावली आणि चेंडू पुढे दिला.

वकील माझ्याकडे विचित्र नजरेने बघत होता. त्यालाही पाठ ताठ ठेवण्याची आठवण करून दिली.

सोमवार, ५ फेब्रुवारी

मुकीने विस्तार आणला नाही. शून्य.

हसरीला कुणीतरी सांगितलंच. वकील असणार. तिने मुकीला ऑफिसात बोलावून, आपल्या त्या मऊ आवाजात, घरी काय होतं, कोण असतं, कसं वाटतं, असे प्रश्न विचारले. मग समुपदेशक बाईंनी विचारले. मग वर्गशिक्षकांनी. मुकी काही बोलली नाही. हसरी मला म्हणाली, मॅडम, आम्ही तिच्या आईशी बोलतोय, तुम्ही प्लीज तिला मार्क नका देऊ. मी म्हणाले, मार्क देणं बंद केलं तर तिला कळणार कसं की मी ऐकलं?

दुपारी बाकावर आली. डोळे सुजलेले, नाक वाहतंय. मी रुमाल पुढे सरकवला. चेंडू धरायचा रुमाल, तो तसाही टाकायचाच होता. मग मी तपासायला काढून आणलेल्या नोटिशींच्या गठ्ठ्यातली अर्धी पानं तिच्याकडे दिली. तिने तीन चुका काढल्या, त्यातली एक माझ्या नजरेतून सुटली होती. ह्यांना उशीर झाला. मी नेहमीसारखी कुरकुर केली नाही.

शुक्रवार, ९ फेब्रुवारी

निवडीच्या दिवसाची तयारी. माझी जागा हॉलमध्ये वॉटर कूलरजवळ दिली आहे. हसरीला वाटलं असेल कोपऱ्यात टाकलं. मूर्ख. सगळी शाळा तिथूनच जाते. गर्दी आवरायला दोरी लागेल का, असं मी शिपायाला विचारून ठेवलं. तो म्हणाला, बघू.

हे म्हणाले, कुणीच आलं नाही तर? मी म्हणाले, तुम्ही तुमचं कोडं बघा. ह्यांचा तो पाच अक्षरी शब्द अजून सुटलेला नाही.

शुक्रवार, १६ फेब्रुवारी

आज निवड झाली.

घंटा झाल्याबरोबर मुलांचा लोंढा थेट माझ्याकडे आला. मी हात वर करून म्हणाले, रांगेत या, एकेक करून. ती रांगेत आली, एकेक करून पाणी प्यायली आणि गेली. काहींनी पाणी माझ्या बुटांवर सांडलं. जांभई खेळाच्या सरांकडे. वाघवाला खेळाच्या सरांकडे. आंधळ्या आजीची नात हसरीकडे. वकील समोर आला, नीट उभा राहिला आणि म्हणाला, मिस, तुमच्यामुळे माझं बोलणं सुधारलं, आजोबांनीही नमस्कार सांगितलाय. मी त्याच्यासाठी बाजूला सरकून जागा केली. तो त्या जागेतून खेळाच्या सरांकडे गेला.

मी ताठ उभी होते. सात वर्षांची असताना सिस्टरांनी शिकवलं होतं, बघायला कुणी नसलं तरी पाठ ताठ ठेवायची.

हसरी वही घेऊन मोजत आली. म्हणाली, मॅडम, एक. मी म्हणाले, कुठे? तिने माझ्या मागे बोट दाखवलं. मुकी भिंतीला टेकून उभी होती. कधीची उभी होती कोण जाणे. हसरीने खाली वाकून, हसून, इथेच का गं, असं विचारलं. मला वाटलं, झालं, आता मान डोलावणार.

मुकी म्हणाली, बाकीचे सगळे विचारतात. मिस शून्य देतात आणि बसू देतात.

दोन वाक्यं. मांडणी चोख, आवाज स्पष्ट, पाठ मात्र टेकलेली. आठ द्यायला हरकत नव्हती. मी दिले नाहीत. पेन्सिल सापडत नव्हती. हातातच होती, नंतर दिसली.

सोमवार, १९ फेब्रुवारी. संध्याकाळ.

मुख्याध्यापकांनी बोलावलं. मी आत गेल्यावर खुर्चीतून उभा राहिला, हात मागे बांधून. सवय आहे. म्हणाला, मिस, तुमचे आभार कसे मानू, रजेवरच्या बाई पुढच्या सोमवारी येताहेत. एका मुलीचा गट होत नाही, तिला खेळाच्या सरांकडे घालतोय. तिथे मुलं दंगा करतात, ती खुलेल.

मी म्हणाले, माझ्या टेबलाच्या तक्रारीचं काय झालं? तो म्हणाला, कुठलं टेबल, मिस?

मला सगळ्यांनी सही केलेलं कार्ड दिलं. त्यावर रडक्या चेहऱ्याचं चित्र. वर्गातल्या तक्त्यावरून उतरवलेलं, च्युइंगगमसकट रंगवलंय की काय असं वाटलं.

बाहेर आले तर कॉरिडॉरमधलं बाक नव्हतं. नेमकं तेच. हसरी म्हणाली, कॉरिडॉर मोकळा ठेवायचा ठरलंय, मुलांनी मैदानावर जावं म्हणून. बाकाच्या जागी मुकी उभी होती. दप्तर पाठीवर, पेन्सिल कापायचं यंत्र मुठीत. हे आले तोवर आम्ही दोघी उभ्याच होतो. पाय भरून आले. तिचेही आले असणार, तिने सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

ह्यांना घरी येऊन सगळं सांगितलं. हसले नाहीत. कोडं बाजूला ठेवून म्हणाले, डायरीत लिहून बाक परत येतं का गं? आणि उठून चहा ठेवला.

म्हणून आज पक्की प्रत करत बसत नाही. हेच पान फाडून, खाडाखोडीसकट, उद्या सकाळी स्वतः नेऊन देणार.

मा. मुख्याध्यापक,

आज दुपारी तीन वाजून वीस मिनिटांनी कॉरिडॉरमधलं बाक हलवण्यात आलं आहे, असं माझ्या निदर्शनास आलं. ते बाक वापरात होतं. कृपया ते त्याच जागी, त्याच भिंतीला लावून परत ठेवावं. शाळा सुटल्यावर मी रोज येऊन त्यावर बसेन. त्यासाठी मला काही हुद्दा नको, गट नको, पगार नको. सदर मुलीलाही तिथे बसण्याची परवानगी असावी, आणि ती बसलेली असताना कुणीही, विशेषतः हसतमुखाने, तिला काहीही विचारू नये.

या पत्राचं लेखी उत्तर मला शुक्रवार, २३ फेब्रुवारी, दुपारी चार वाजेपर्यंत मिळालंच पाहिजे. सोमवारनंतर मला गेटवर आत सोडणार नाहीत, असं शिपायाने सांगितलं आहे.

टेबलाचं नंतर बघू.